पिस्तुलाचे भाग बदलत बसावं, की पिस्तूलच बदलावं?

डिचोलीच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी १४ वर्षांची, नववीत, वर्षभर १० मीटर एअर पिस्तूल नेमबाजी करतेय. त्यांनी ४०,००० रुपयांना बायकल या रशियन कंपनीचं जुनं लिव्हरवालं पिस्तूल घेतलं. मुलीचे गुण ६०० पैकी ५१५ ते ५२५च्या दरम्यान अडकले आहेत. ओळखीच्या एकाने सुचवलं की मापाची अक्रोडाची ग्रिप म्हणजे मूठ (१२,०००), ट्रिगरचं काम (८,०००), नेम धरायची मागची खाच म्हणजे मागची साइट (९,०००) आणि वजनं वगैरे किरकोळ (५,०००) असा खर्च केला की हेच पिस्तूल 'मॅच'चं, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचं होईल. दुसऱ्याचं म्हणणं, थेट १ लाख ८० हजारांचं नवं पिस्तूल घ्या. आता काय करावं?

मी गोव्यातच मुलांना पिस्तूल शिकवतो आणि क्लबच्या पिस्तुलांची सील-ट्रिगरची कामंही करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा खर्च रोज डोळ्यांसमोर असतो. माझं उत्तर असं: ते ३४,००० खर्च करू नका, आणि १ लाख ८० हजारही लगेच काढू नका. पिस्तुलात बसवलेला भाग विकताना फुकट जातो, तर मुळातच चांगलं असलेलं पिस्तूल विकताना बरीचशी रक्कम परत मिळते. मात्र ते घ्यायची एक वेळ असते, आणि ती वेळ आली की नाही हे मोजून बघता येतं.

आधी मोजमापाचंच बोलू, कारण या प्रश्नात भावनेने फार पैसे जातात.

१० मीटरच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. पुढची प्रत्येक रिंग त्रिज्येत ८ मिलिमीटरने वाढते. चांगलं मॅच पिस्तूल शिकंज्यात घट्ट बांधून झाडलं तर सगळे छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. तुमच्या मुलीचा सरासरी छर्रा साधारण ८.७चा आहे. म्हणजे तिची पसरण, छर्रे किती विखुरतात ती, मोठी आहे, आणि ती हाताची, नजरेची आणि ट्रिगर ओढण्याची आहे. यात पिस्तुलाचा वाटा किती, हे समजायला एक गणित पुरतं. नेमबाजाची पसरण आणि पिस्तुलाची पसरण यांची बेरीज सरळ होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. समजा नेमबाजाची पसरण ४० मिमी आणि पिस्तुलाची १० मिमी. एकूण ५० येत नाही, सुमारे ४१ येते. उद्या जगातलं सर्वांत अचूक पिस्तूल हातात दिलं तरी ४१चे ४० होतील, एवढंच. पण पिस्तूल स्वतःच ३० मिमी पसरत असेल तर त्याच हातात एकूण ५० होतात, आणि तो फरक गुणपत्रिकेत दिसतो. पुढे मुलगी सुधारली, तिची स्वतःची पसरण २० वर आली, की १० मिमीचं पिस्तूल २२ देईल आणि ३० मिमीचं ३६. नेमबाज जसजसा चांगला होतो तसतसं कमी अचूक पिस्तूल गुणांना महाग पडत जातं. सुरुवातीला ते आपल्याला कळतही नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, तुमचं पिस्तूल कोचकडून शिकंज्यात बांधून किंवा वाळूच्या पिशवीवर घट्ट टेकवून १० मीटरवर १० छर्रे झाडून घ्या. दोन-तीन कंपन्यांचे मॅच छर्रे घेऊन बघा, एका डब्यात आणि दुसऱ्या डब्यात कधी कधी डोळ्यात भरेल असा फरक पडतो. बायकलची नळी चांगली असते, हे मी या जातीची बरीच पिस्तुलं उघडून, साफ करून बघितल्यावर सांगतोय. हवा अडवणारं सील शाबूत असेल तर सगळे छर्रे दहाच्या वर्तुळाच्या आसपासच पडतील अशी माझी अपेक्षा आहे. तसं झालं तर अचूकतेसाठी एक पैसाही घालायची गरज नाही.

आता सुचवलेला एकेक भाग घेऊ.

ट्रिगरचं काम ८,००० रुपयांचं म्हणजे नक्की काय, हे त्यांना विचारा. 'हलका करून देतो' असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. स्पर्धेआधी उपकरण तपासणीत ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला लटकवून पिस्तूल वर उचलतात. ट्रिगर सुटला की पिस्तूल बाद. म्हणजे ५०० च्या खाली जायचंच नाही, आणि ५०० पर्यंत यायला या पिस्तुलात मुळातच स्क्रू आहेत. पहिला टप्पा किती लांब, दुसऱ्या टप्प्यावर वजन किती, सुटल्यावर ट्रिगर मागे किती जातो, हे सगळं बारक्या पेचकसने जमतं. अर्धा तास कोचसोबत बसलात तर काम फुकटात होईल. मी ट्रिगर ५२०-५३० ग्रॅमला ठेवतो, म्हणजे तपासणीच्या टेबलावर धडधड होत नाही.

मागची साइट. इथे थोडं थांबतो, कारण साइटवर पैसे घालणारे लोक साइट म्हणजे काय हेच विसरतात. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. त्या दोन्हींची एकमेकांशी जुळणी १ मिलिमीटरने बिघडली, तर १० मीटरवर छर्रा ३० मिलिमीटर सरकतो. दहाऐवजी सात. उलट साइट अचूक जुळलेल्या असतील आणि हात फक्त आडवा ५ मिमी हलला, तर छर्राही ५ मिमीच हलतो, म्हणजे दहाच. मुलांना मी हे फळ्यावर आकृती काढून दाखवतो, कारण सगळी पोरं काळ्या वर्तुळाकडे बघत बसतात आणि साइट बिघडलेल्या असतात. ९,०००ची साइट ही चूक सुधारत नाही. साइटमध्ये बघायचं ते एवढंच: तिचा क्लिक पक्का आहे का, आणि पुढच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना मागच्या खाचेत पुरेसा उजेड दिसतो का. उजेड कमी वाटला तर पातं थोडं अरुंद करून घ्यायचं. तो खर्च फार नाही. आणि हो, रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) वगैरे कोणी सुचवलं तर लक्षात ठेवा, या प्रकारात फक्त उघड्या साइट चालतात.

वजनं तर विसराच. बायकल रिकामंच १.३ किलोच्या आसपास असतं. नियमाची वरची मर्यादा १.५ किलो आहे, पण १४ वर्षांच्या मुलीच्या खांद्याला मर्यादेशी काय देणं-घेणं? तिला वजन काढायची गरज आहे, घालायची नाही.

आणि ग्रिप. चारही भागांत खरोखर गुण वाढवणारा भाग हाच, म्हणून यावर जरा सविस्तर. ग्रिप हाताला बसते की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. मुलीला लक्ष्यासमोर उभी करा, डोळे मिटायला सांगा, पिस्तूल हातात पक्कं धरून वर आणायला सांगा, आणि मग डोळे उघडायला सांगा. पुढचं पातं खाचेच्या मध्ये आपोआप आलेलं असलं पाहिजे. दर वेळी ते डावीकडे किंवा खाली दिसत असेल, तर ग्रिप तिच्या मनगटाला वळवतेय, आणि प्रत्येक छर्ऱ्याला ती मनगटाने ते सरळ करतेय. चाळिसाव्या छर्ऱ्यानंतर ते मनगट दमतं आणि तिथेच गुण गळतात. तिचे शेवटच्या दोन मालिकांचे (मालिका म्हणजे दहा छर्रे) गुण पहिल्या दोनपेक्षा कमी येतात का, हे तिच्या वहीत बघा.

तरीही १२,०००ची मापाची ग्रिप आता नको, याची कारणं दोन. एक म्हणजे मुलीचा हात अजून वाढेल. आज बरोबर बसणारी ग्रिप पुढच्या वर्षी बोटं आखडून धरायला लावेल. दुसरं, ग्रिप त्या त्या पिस्तुलाच्या सांगाड्याला बनवलेली असते. बायकलची ग्रिप दुसऱ्या कुठल्या पिस्तुलावर चढणार नाही, आणि पिस्तूल विकताना घेणाऱ्याचा हात वेगळा असणार, त्यामुळे तिची किंमत शून्य. त्यापेक्षा आहे तीच लाकडी ग्रिप घ्या, सुताराकडची लाकडाची पुट्टी आणि सँडपेपर आणा, आणि कोचसमोर बसून भरत-घासत जा. हाताच्या तळव्याखाली जिथे पोकळी आहे तिथे भरायचं, अंगठ्याच्या बेचक्यात टोचतं तिथे घासायचं, आणि ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही चिकटत नाही हे बघायचं. थोडं करायचं, आठवडाभर झाडायचं, मग पुन्हा. दोन-चारशे रुपयांत हे होतं. दिसायला ग्रिप खाजन बांधासारखी ओबडधोबड होईल, पण आमच्याकडची चांगली पोरं अशाच ठिगळं लावलेल्या ग्रिपवर खेळतात. फक्त नियमाची चौकट सांभाळा: पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, आणि ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये. पुट्टी भरता भरता जाडी ५० च्या वर गेली की तपासणीत अडकायला होतं.

म्हणजे ३४,००० मधले फार तर हजारभर खरे कामाचे निघाले. मग हे पिस्तूल पुरेसं आहे का? नाही, आणि अडचण कुठल्याच सुट्या भागात नाही. एका दमात हवा भरायच्या या पिस्तुलाचा लिव्हर प्रत्येक छर्ऱ्याला उघडून दाबून मिटावा लागतो. सामन्यात ६० छर्रे, त्याआधी १५ मिनिटांच्या तयारीत आणखी काही. तोच खांदा, तीच पाठ. मोठा माणूस निभावून नेतो. बारीक अंगाच्या मुलीचा श्वास आणि नाडी दर वेळी वर जाते, ती खाली येईपर्यंत थांबावं लागतं, आणि ७५ मिनिटांचं घड्याळ थांबत नसतं. हा दोष नवी ग्रिप, नवा ट्रिगर, नवी साइट यांपैकी कशानेच जात नाही, कारण हवा भरायची पद्धत बदलता येत नाही. पिस्तुलाचा जो भाग बदलता येत नाही त्यावरूनच पिस्तूल बदलायचं ठरवायचं असतं.

सिलिंडरवाल्या पिस्तुलात २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा आधीच भरलेली असते. छोटा लिव्हर बोटाने उघडायचा, छर्रा ठेवायचा, बंद करायचा. एका भरणीत पूर्ण सामना आरामात होतो. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, पार्दिनी या सगळ्यांची मॅच पिस्तुलं याच पद्धतीची. यांतलं कुठलं श्रेष्ठ, यावर रेंजवर तासन्‌तास वाद चालतात. तुमच्या मुलीच्या पातळीवर त्या वादाला अर्थ नाही. हातात धरून जे बसेल ते. मुलांसाठी आखूड नळीची हलकी रूपंही मिळतात, ती आधी बघा.

नवं घ्यावं की वापरलेलं? मी वापरलेलं सांगेन. आपल्याकडे चांगल्या स्थितीतलं जुनं मॅच पिस्तूल साधारण १ लाख १० ते १ लाख ३० हजारांत मिळतं. दोन-तीन वर्षं वापरून विकलं तर माझ्या पाहण्यात १५-२० हजारांचाच फटका बसतो. आता तुमच्या पहिल्या वाटेचा हिशोब मांडा: ४०,००० अधिक ३४,००० म्हणजे ७४,०००. विकताना फार तर ३५-४० हजार येतील, कारण घेणारा बायकलचे पैसे देतो, तुमच्या अक्रोडाचे नाही. तिथेही ३५,००० गेले, आणि मॅच पिस्तूल घ्यायचं बाकीच.

वापरलेलं घेताना सगळ्यांत आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. बहुतेक कंपन्या सिलिंडरला १० वर्षांची मुदत देतात, आणि मुदतीतला सिलिंडर वापरणं ही नियमाने नेमबाजाची स्वतःची जबाबदारी आहे. मुदत संपलेले दोन सिलिंडर असलेलं पिस्तूल 'स्वस्त' मिळालं, तर नव्या सिलिंडरचे पैसे किमतीत मिळवून मगच स्वस्त म्हणा. मग सिलिंडर भरून दाब लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा. काटा खाली आला तर सील गळतंय. सीलचा संच महाग नसतो, पण भाव पाडून मागायला तेवढं कारण पुरतं.

ट्रिगर मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुटतो छान, यात वाद नाही. पण पहिलं पिस्तूल गोव्यात वापरायचं असेल तर मी मेकॅनिकल घ्यायला सांगतो. इथे बिघडलं तर बाहेर पाठवावं लागतं, आणि जिल्ह्याची स्पर्धा कुरिअरची वाट बघत नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि दुरुस्तीत तिची मोलाची मिनिटं गेली. पुढे तिनेच पॅरिसला २०२४ साली याच १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्य मिळवलं, म्हणून कोणी तंत्राला दोष देऊ नये; पण तिच्या मागे सपोर्ट स्टाफ उभा असतो, आपल्या मागे आपणच.

गोव्याच्या हवेचा खर्च कोणी सांगत नाही, तो मी सांगतो. हातपंपाने २०० बार भरणं हे वडिलांचं काम, मुलीचं नव्हे. शेवटच्या ४०-५० बारला अंगाचं वजन टाकावं लागतं. पावसाळ्यात पंप दमट हवाच ओढतो, म्हणून पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवाच, आणि मध्ये मध्ये थांबून पंपातलं पाणी सोडायचं. सोयीचा मार्ग म्हणजे डायव्हिंगचा सिलिंडर. ग्रँड आयलंडकडे पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्यांकडे कोरड्या, गाळलेल्या हवेचे कॉम्प्रेसर असतात. क्लबने एक सिलिंडर घेऊन तिथून भरून आणला तर महिनोन्‌महिने पुरतो. दर भरणीला मोठ्या सिलिंडरचा दाब थोडा उतरतो, पण पिस्तूल १५० बारवरही तसंच झाडतं, फक्त छर्रे कमी मिळतात. आणि फोम लावलेल्या पेटीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पिस्तूल बंद करून ठेवू नका. फोम ओलावा धरून ठेवतो, आणि समुद्राजवळच्या घरात तर गणपतीपर्यंत नळीवर गंजाचे ठिपके येतात. सुती कापडात, सिलिका जेलसोबत, कुलूपबंद कपाटात ठेवा. बाहेरच्या धातूला तेलाचा हलका हात चालेल, पण व्हॉल्व्हमध्ये किंवा सिलिंडरच्या तोंडाशी साधं तेल कधीही नाही. जास्त दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. तिथे फक्त कंपनीचं सिलिकॉन ग्रीस.

याच निमित्ताने दोन प्रकारच्या लोकांना उत्तर देऊन टाकतो. ज्यांच्याकडे सात-आठ हजारांचं देशी स्प्रिंगचं पिस्तूल आहे, त्यांनी त्यात एक रुपयाही घालू नये. स्प्रिंगचा पिस्टन सुटल्यावर पिस्तूल मागेपुढे हिसका देतं आणि तोवर छर्रा नळीतच असतो. ग्रिप सोन्याची केली तरी तो हिसका राहतोच. जाड स्प्रिंग घालून 'पॉवर' वाढवायचे उद्योग तर अजिबात नकोत. हिसका आणखी वाढतो, आणि आपल्याकडे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनलाच परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाला सहा ज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते, त्यावर ऑलिम्पिक पदकं मिळतात. परदेशातून भाग किंवा पिस्तूल पार्सलने मागवायच्या फंदातही पडू नका. अधिकृत आयातदाराकडून, बिल घेऊनच घ्या, कारण विकताना त्या बिलालाच किंमत असते.

दुसरे ते, ज्यांच्याकडे घरात कोणाचं तरी जुनं मॅच पिस्तूल पडून आहे. इथे भाग बदलणंच शहाणपणाचं. नवीन सील, मुदतीतला सिलिंडर, ग्रिपवर पुट्टी, आणि पिस्तूल पुढची कित्येक वर्षं चालतं. अपवाद कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या जुन्या पिस्तुलांचा. त्या वायूचा दाब तापमानाबरोबर चढतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, ३१ अंशांना ७४ च्या जवळ. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या आपल्या रेंजवर सकाळचा पहिला छर्रा आणि दुपारचा छर्रा एकाच जागी पडत नाही. ते हवेच्या सिलिंडरवर चालेल असं बदलून मिळत असेल आणि खर्च माफक असेल तरच हात घाला.

आता तुमच्या मुलीकडे परत. पुढचे सहा महिने बायकल ठेवा, पण सामन्याच्या सरावाला क्लबचं सिलिंडरवालं पिस्तूल आठवड्यातून दोनदा तरी मागून घ्या. बायकलवर घरी ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर ओढायचा सराव, करू द्या. त्यात हवा न भरताही ट्रिगर चढवता येतो, लिव्हरचा त्रास नाही. आधी कोच आणि तुम्ही दोघांनीही नळी रिकामी असल्याची खात्री करून घ्यायची, समोर पांढरी भिंत, रोज वीस मिनिटं. वाचलेल्या ३४,००० मधून मॅच छर्ऱ्यांचे डबे घ्या आणि बाहेरच्या दोन-तीन स्पर्धांचा प्रवासखर्च बाजूला ठेवा, कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर खेळून आलं की आपण कुठे आहोत ते कळतं. वहीत दोन्ही पिस्तुलांचे गुण वेगळे लिहा. क्लबच्या पिस्तुलावर ती सातत्याने १०-१२ गुण जास्त काढू लागली, विशेषतः शेवटच्या दोन मालिकांत, तर वापरलेलं मॅच पिस्तूल घ्यायची वेळ आली असं समजा आणि बायकल नव्याने शिकणाऱ्या कुठल्या तरी प्रौढ माणसाला विका. फरक दोन-तीन गुणांचाच राहिला, तर अजून एक हंगाम थांबा आणि ते पैसे कोचच्या फीमध्ये घाला.